गोडं पाणी मला सोसत नाही

मित्रांनो, मला शोधायचं असेल तर आधी मान खाली घाला. अजून खाली. हां, तिथेच, तुमच्या चपलेच्या शेजारी.

मी एक जुनी, खारट आणि जमिनीला पोट टेकून पसरणारी वनस्पती आहे. झाड म्हणावं तर उंची चार बोटं. वेल म्हणावं तर मला चढता येत नाही. पण आडवं पसरायला सांगा! माझ्या देठाची गाठ जिथे चिखलाला टेकते, तिथे मी लगेच मूळ सोडते आणि पुढे निघते. पुस्तकात मला ‘समुद्री घोळ’ म्हणतात म्हणे. जाईबाई मात्र मला ‘खारी’ म्हणते, आणि मी त्याच नावाला ओ देते.

दिसायला मी भारी आहे. हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी वाकून बघतच नाही. देठ लालसर, पानं जाड आणि गुबगुबीत. पान चावलं की कर्रकन मोडतं आणि जिभेवर मीठ उतरतं. आणि माझं फूल! गुलाबी-जांभळं, पाच टोकांचं, चांदणीसारखं. करंगळीच्या नखाएवढंच आहे, पण त्याचा तोरा केवढा! सकाळी नऊच्या सुमारास उघडतं, ऊन उतरायला लागलं की मिटतं. बँकेसारख्या माझ्या वेळा ठरलेल्या आहेत. वेळ संपल्यावर तुम्ही कितीही गयावया करा, खिडकी उघडणार नाही.

माझा जन्म कोपरच्या खाडीकाठचा, एका मातीच्या बांधावरचा. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी यायचं, मला गळ्यापर्यंत बुडवायचं आणि निघून जायचं. ऊन असं कडक की चिखलावर मिठाची पांढरी साय धरायची. बाकीची झाडं तिकडे फिरकायचीच नाहीत. त्यामुळे मला जागा भरपूर आणि भांडण कुणाशी नाही. शेजारी निवट्या असायच्या. निवटी म्हणजे डोळे डोक्यावर घेऊन चिखलात टणाटण उड्या मारणारी मासळी. त्या दिवसभर माझ्या अंगावरून उड्या मारायच्या आणि एकदासुद्धा ‘सॉरी’ म्हणायच्या नाहीत. तरी मला त्यांची आठवण येते.

बांधाच्या मागेच जाईबाईचं कौलारू घर होतं. जाईबाई सुकी मासळी विकते. पहाटे ताजे बांगडे आणायचे, चिरून साफ करायचे, मिठाच्या पाण्यात मुरवायचे, मग अंगणात उन्हात वाळवायचे आणि कोपरच्या बाजारात टोपली घेऊन बसायचं. चाळीस वर्षं तिचं हेच चाललंय. मुरवून उरलेलं खारं पाणी ती रोज बांधावर, म्हणजे माझ्या डोक्यावर ओतायची. मित्रांनो, भरतीचं पाणी हा माझा वरणभात होता, तर जाईबाईचं पाणी म्हणजे सणाचं जेवण!

मग एक दिवस ते घर पाडायचं ठरलं. त्या जागेच्या बदल्यात जाईबाईला डोंबिवली पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सामान टेम्पोत चढलं. तेवढ्यात जाईबाईची नात, नववीतली दक्षता, तुपाचा रिकामा डबा घेऊन बांधावर आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

“आजी, हिला घेऊन जाऊया ना!”

“कोनाला?”

“खारीला.”

“अगो, ती बांधाची हाय. फ्लॅटमदी काय करल ती?”

“मग तू फ्लॅटमध्ये काय करणारेस?”

जाईबाईने पदराने तोंड पुसलं. “घे तिला,” ती म्हणाली. “चिखल पन घे जरा.”

अशी मी दिवाळीनंतरच्या आठवड्यात, चिखलासकट, टेम्पोत पुढच्या सीटवर बसून शहरात आले.

इमारतीचं नाव ‘खाडीदर्शन’. आमच्या गॅलरीतून खाडी सोडून सगळ्याचं दर्शन होत होतं. समोरच्या इमारतीचे एसी, त्यांचे पाइप, त्या पाइपांवरची कबुतरं आणि त्या कबुतरांवर ओरडणारे एक आजोबा. पाण्याचा एक थेंबसुद्धा दिसत नव्हता. मी बरेच दिवस भरतीची वाट पाहिली. मग कळलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत ती येत नाही.

जाईबाईने मात्र वाट काढली. तिने बांगडे गच्चीवर वाळवायला सुरुवात केली. आणि दक्षताने मला गॅलरीत ठेवून रोज पेलाभर नळाचं पाणी घालायला सुरुवात केली. पोरीचा जीव होता माझ्यावर. पण तो पेला बघून माझी पानं आक्रसायची.

आता यात आल्या नीलाकाकू.

नीलाकाकू समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. निवृत्त शिक्षिका. बोलणं असं स्वच्छ की ऐकणाऱ्याला आपोआप सरळ उभं राहावंसं वाटतं. इमारतीतल्या बागप्रेमींचा अकरा जणांचा ‘हिरवळ’ नावाचा गट त्यांनीच काढलाय. त्यांच्या गॅलरीत एक लालभडक गुलाब आहे. त्याला त्या ‘राणीसाहेब’ म्हणतात, आणि राणीसाहेबांशी त्या जितक्या हळू आवाजात बोलतात तितक्या कुणाशीच बोलत नाहीत.

त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“दक्षता, अगं हा काय चिखल? आणि याला वास केवढा येतोय! असं रोप ठेवतात का कुणी?”

“काकू, ती तशीच असते. खाडीची आहे.”

“खाडीची असली म्हणून काय झालं? आता सोसायटीत आली आहे ना? आण इकडे. मी हिचं कल्याण करते.”

आणि मित्रांनो, माझं कल्याण सुरू झालं. माझा जन्माचा चिखल धुऊन टाकला. त्या जागी काळं, भुसभुशीत, गार गार शेणखत आलं. ‘कोवळी आहे, ऊन लागेल’ म्हणून मला चपलांच्या कपाटामागे सावलीत ठेवलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मधे कधी वाटलं तर पुन्हा पाणी. गुरुवारी ताक. रोज अर्धा तास मोबाइलवर बासरी. बासरीला माझी ना नव्हती. पण त्या गोड्या पाण्याने माझ्या पायात कायमचा गारठा भरला. अहो, जिला रोज समुद्राने बुडवून काढलं, तिला ऊन लागेल म्हणून सावलीत ठेवायचं?

जानेवारी उजाडेपर्यंत मी ओळखू येईना. देठ लांबुडके आणि फिकट, पानं पिवळी आणि मऊ, खालून मुळं कुजायला लागलेली. फूल तर विसराच. नीलाकाकू काळजीने रोज अजून थोडं पाणी घालायच्या. शेवटी एके दिवशी त्या जड आवाजात म्हणाल्या, “बाळा, हिच्यात जीव राहिलेला नाही. उद्या कचऱ्याच्या गाडीत दे.”

दक्षता मला घरी घेऊन आली. डोळे पुसत होती आणि मला बोलत होती, “अरे यार खारी, असं काय करतेस? काकू एवढं करतायत तुझ्यासाठी.”

मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं ना!

पण त्याच आठवड्यात माझ्यापेक्षा मोठं संकट जाईबाईवर आलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी परशुरामभाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात नोटिसा लिहितात. नोटिसांची त्यांना भयंकर हौस. ‘लिफ्टमध्ये नारळ सोलू नये’ ही नोटीस त्यांचीच. ‘सदर नोटिशीवर मिशा काढू नयेत’ हीसुद्धा त्यांचीच. आता नवी लागली होती: गच्चीवर मासळी वाळवण्यास बंदी घालण्याबाबत मार्चच्या दुसऱ्या रविवारी सभा.

जाईबाईने त्यांना जिन्यातच गाठलं.

“भाऊ, गच्ची बंद केली त मी मासली वालवू कुटं? अंगन त गेलं माजं.”

“मावशी, मला वैयक्तिक वासाचं काही नाही हो. पण तक्रारी आल्यात.”

“कोनाच्या?”

“तक्रारी गुप्त असतात.”

“आनि गेल्या म्हैन्यात माज्याकडून दोन मुठी मांदेली वरून घेतली, ती पन गुप्तच का?”

परशुरामभाऊ घाईघाईने खाली उतरले.

जाईबाई घरी आली आणि गॅलरीत जमिनीवर बसली. ती रडणारी बाई नाही. पण तिने टोपली पालथी घालून ठेवली. गच्ची गेली तर वाळवण बंद, वाळवण बंद तर बाजार बंद. मुलाच्या, म्हणजे दक्षताच्या बाबांच्या, जिवावर बसून खायचं आणि समोरच्या एसीकडे बघत दिवस काढायचे, एवढंच उरणार होतं. तिची अवस्था आणि माझी अवस्था यात मला काही फरक दिसेना.

दुपारची वेळ होती. इमारत जेवून झोपली होती. बांगडे मुरवलेलं पाणी बादलीत उरलं होतं. मोरीत ओतलं तर वास येतो म्हणून पुन्हा तक्रार. जाईबाईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“तू माज्याच बांधावरची ना गो?” ती हळूच म्हणाली. “तुला ताक पाजतात व्हय? चल.”

तिने ते काळं खत उपसलं आणि बाजूला ठेवलं. डब्यात बांधकामावरची मूठभर वाळू आणि खाडीवरून आणलेला चिखल भरला. माझी कुजलेली मुळं खुडली, बरे देठ पुन्हा खोचले, डबा उचलून कठड्यावर भर उन्हात ठेवला. आणि वर ते पाणी ओतलं.

आहाहाहा! मित्रांनो, काय सांगू! मीठ! माझ्या टोकाटोकात मीठ चढलं. अंगात वारं भरलं. निवट्या आठवल्या, बांध आठवला. लाज वाटते सांगायला, पण मी तिथल्या तिथे एक पिवळं पान आनंदाने टाकून दिलं.

तीन आठवड्यांत मी डब्याबाहेर लोंबायला लागले. पानं जाड, देठ लाल. आणि फेब्रुवारीच्या एका सकाळी, बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी फूल उघडलं. दक्षता शाळेचा एक मोजा घालून आणि एक हातात घेऊन गॅलरीभर नाचली.

तिच्या ओरडण्याने नीलाकाकू धावत आल्या. माझ्यासमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग अभिमानाने म्हणाल्या, “बघितलंस? माझं खत उशिरा लागू पडलं.”

फोटो ‘हिरवळ’ गटावर गेला. नऊ अंगठे आणि सतरा फुलं आली. त्यातलं खरं फूल फक्त मी, पण असो.

त्याच सुमाराला नीलाकाकूंनी ‘हिरवी गॅलरी’ स्पर्धा जाहीर केली. तारीख मार्चचा तोच दुसरा रविवार, म्हणजे सकाळी स्पर्धा आणि संध्याकाळी सभा. नियम त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात सोसायटीच्या वहीत लिहिले. त्यातला सातवा नियम नीट लक्षात ठेवा. विजेत्याला गच्चीचा पश्चिमेचा कोपरा वर्षभरासाठी मिळेल, आणि विजेत्या झाडाच्या निकोप वाढीसाठी जे जे लागेल ते तिथे ठेवायला आणि करायला कुणाची हरकत चालणार नाही. हा नियम काकूंनी मोठ्या विचाराने लिहिला होता. राणीसाहेबच जिंकणार याची त्यांना खात्री होती, आणि कोपऱ्यात त्यांना खताची तीन पिंपं ठेवायची होती. परशुरामभाऊंनी न वाचता सही केली. त्यांना फक्त स्वतः लिहिलेलं वाचायला आवडतं.

आता झाली ती गडबड ऐका. जाईबाई बाजारात गेली की माझं पाणी चुकू नये म्हणून तिने खारं पाणी सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलं होतं. दक्षता ते मला घालत असतानाच मागून आवाज आला.

“हे काय घालते आहेस गं?”

दक्षता दचकली. सभा तोंडावर. काकूंना मासळीच्या नावानेच मळमळतं. खरं सांगावं तर आजीची गच्ची गेलीच.

“ट... टॉनिक आहे काकू. खाडीचं.”

“खाडीचं टॉनिक? तरीच हा वास! जाईबाईंचं खानदानी दिसतंय!” नीलाकाकूंचे डोळे चमकले. “अस्सं! म्हणजे माझ्या खताला याची जोड मिळाली तर. मला दे बघू थोडं.”

“काकू, ते फक्त हिच्यासाठी...”

“दक्षता. आपल्याकडे आहे ते वाटून घ्यावं, हे तुला चौथीत कोणी शिकवलं?”

“तुम्ही नाही शिकवलं काकू, मी दुसऱ्या शाळेत होते.”

“मग आत्ता शिकवते. दे.”

बाटली गेली. त्याच संध्याकाळी ती अकरा घरांत वाटली गेली, शाम्पूच्या छोट्या बाटल्यांतून, चिठ्ठी चिकटवून: ‘रोज दोन चमचे’. पुढचे चार दिवस काकू रोज नवी बाटली मागायला येत राहिल्या आणि दक्षता रोज नखं कुरतडत देत राहिली. आता बोलायचं तर चार दिवसांपूर्वीचं खोटंही सांगावं लागणार, म्हणून ती आजीलाही बोलली नाही.

पहिली मांजरं आली. मग त्यांचे पाहुणे आले. शुक्रवारपर्यंत खाडीदर्शनच्या खाली अकरा मांजरं रांगेत बसून गॅलऱ्यांकडे भक्तिभावाने बघत होती. परशुरामभाऊंनी नोटीस लावली: ‘मांजरांनी आवारात बसू नये.’ ती वाचून एकही मांजर उठलं नाही.

शनिवारी झाडं बोलायला लागली, म्हणजे आपापल्या परीने. पहिल्या मजल्यावरच्या मोगऱ्याची पानं कडेने करपली. दुसऱ्या मजल्यावरच्या नेच्याने मान टाकली. परशुरामभाऊंच्या जास्वंदीने सगळ्या कळ्या एकदम खाली सोडल्या. आणि राणीसाहेबांचं तर बघवत नव्हतं. मीठ मला अमृत आहे मित्रांनो, पण गुलाबाला ते विष आहे. मी कठड्यावर ऊन खात बसले होते आणि शेजारच्या गॅलरीत तिचं एक एक पान तपकिरी होत होतं. मला पहिल्यांदा स्वतःच्या हिरवेपणाची लाज वाटली.

रविवार आला. परीक्षक होत्या प्राची मॅडम, ठाण्याच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात. अकराला येणार होत्या. मी नऊपासून सहा फुलं उघडून तयार! अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. मॅडम शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. मी पाकळ्या ताणून धरल्या. पण ऊन उतरलं आणि एकेक फूल मिटत गेलं. पावणेपाचला मॅडम आल्या तेव्हा माझ्या अंगावर सहा गुंडाळलेल्या चिंध्या होत्या. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मॅडम घरोघर फिरल्या. सगळा गट मागे. घरोघर तेच, करपलेली पानं आणि खाली गळलेला सडा. राणीसाहेबांपाशी मॅडम थांबल्या. नीलाकाकूंनी एकदम पदर डोळ्यांना लावला.

“माझ्याच हाताला काहीतरी झालंय,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं बाग करते आहे. सगळ्यांना मीच शिकवलं, आणि माझ्यामुळे सगळ्यांची झाडं गेली. आता मी बंद करते हे सगळं.”

नीलाकाकूंना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. सगळे समोरच्या दारातून आमच्या गॅलरीत आले. प्राची मॅडम माझ्यापुढे गुडघ्यावर बसल्या. लक्षात घ्या, वाकल्या नाहीत, बसल्या! माझं एक पान मोडलं आणि सरळ तोंडात टाकलं.

“अरे वा! ही तर खाडीची. तिसऱ्या मजल्यावर इतकी टवटवीत? हिला पाणी कुठलं घालता?”

सगळे दक्षताकडे बघायला लागले. दक्षताने आजीकडे बघितलं. खरं बोलली तर तासाभरात सभेत गच्ची बंद. नाही बोलली तर समोर काकू रडत होत्या, जे त्यांनी केलंच नव्हतं त्यासाठी. माझ्या देठांत धडधडायला लागलं, आणि मला तर काळीजच नाही.

“काकू,” दक्षता म्हणाली, “तुमच्या हाताला काही नाही झालेलं. ते टॉनिक नव्हतं. ते आजीचं बांगडे मुरवलेलं पाणी होतं. मिठाचं. मी खोटं बोललेले.”

समोरचे आजोबाही कबुतरांवर ओरडायचे थांबले.

नीलाकाकूंनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून पाहिले. हळूच नाकाजवळ नेले. लगेच लांब केले.

“बांगडे,” त्या म्हणाल्या. “आणि मी ते माझ्या ओट्यावर ठेवून... आमटीच्या चमच्याने मोजलं.”

“दोन दोन चमचे,” गटातून कुणीतरी आठवण करून दिली.

जाईबाई पुढे झाली. “बाई, पोरीला बोलू नुका. बाटली माजी. पानी पन माजंच. काय बोलायचं ते मला बोला.”

“विषयच संपला,” परशुरामभाऊंनी घड्याळ पाहिलं. “सभा आत्ताच इथेच घेऊ. मासळीमुळे अकरा घरांचं नुकसान झालेलं आहे. बंदीच्या बाजूने हात वर करा.”

काही हात वर झाले. जाईबाईने मान खाली घातली, जिथे सहसा मीच असते. म्हणून तिचे डोळे फक्त मला दिसले.

“थांबा,” नीलाकाकू म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी पाठ ताठ केली, आणि वर गेलेले हात आपोआप खाली आले. “आधी स्पर्धेचा निकाल. प्राचीताई, कोण जिंकलं?”

प्राची मॅडमना हसू आवरेना. “अहो, जिवंत झाड एकच आहे. हिलाच द्यावं लागेल.”

“ठीक. दक्षता, सोसायटीची वही आण. सातवा नियम मोठ्याने वाच.”

दक्षताने वाचला. गच्चीचा पश्चिमेचा कोपरा. झाडाच्या निकोप वाढीसाठी जे जे लागेल ते. कुणाची हरकत चालणार नाही. खाली परशुरामभाऊंची झोकदार सही.

“प्राचीताई, या झाडाला निकोप वाढीसाठी काय लागतं?”

“कडक ऊन, वाळूचा चिखल, मोकळा वारा. आणि अधूनमधून खारं पाणी. खताची तर गरजच नाही.”

शेवटचं वाक्य काकूंनी गिळलं. मग विचारलं, “परशुरामभाऊ, आपल्या नळाला खारं पाणी येतं का?”

“नाही, पण...”

“जाईबाई, खारं पाणी कशातून उरतं?”

“बांगडं मुरवल्यावर.”

“आणि मुरवलेले बांगडे पुढे काय करतात?”

“वालवतात,” जाईबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू फुटलं. “उन्हात. गच्चीवर.”

“लिहून घ्या परशुरामभाऊ.”

“अहो पण नीलाताई, तो नियम तुमच्या पिंपांसाठी...”

“नियम मी लिहिलाय. सही तुमची आहे. आता मी माझ्या सोयीसाठी लिहिलेला नियम दुसऱ्याच्या सोयीला आला, म्हणून खोडू का?” मग त्यांचा आवाज जरा उतरला. “दोन महिने मी या बिचारीला ताक पाजलं. तिला हवंय का, ते विचारलं नाही. जाईबाईंबद्दल तक्रार केली तीही न विचारताच. हो, ती गुप्त तक्रार माझीच होती.”

परशुरामभाऊंनी लेखणी काढली. तरी एक शंका त्यांना सुटेना. “पण वास? संध्याकाळी मुलं खेळतात गच्चीवर. मासळी किती वाजेपर्यंत ठेवायची याला काही वेळ नको का?”

जाईबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. “हिचं फूल उगडलं की मी मासली मांडीन, जाली घालून. हिचं फूल मिटलं की सगली खाली. मंग त झालं?”

आणि मित्रांनो, असा ठराव झाला. सोसायटीच्या वहीत, परशुरामभाऊंच्या अक्षरात, माझ्या फुलाची वेळ लिहिलेली आहे. उंची चार बोटं, पण हुद्दा बघा!

दुसऱ्या दिवशी मला गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात नेलं. दक्षताने डबा कठड्यावर ठेवला आणि मी समोर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या डोक्यावरून, पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे, एक लांब रुपेरी पट्टी चमकत होती. खाडी! भरती येत होती. वाऱ्याला मीठ होतं. इमारतीला ‘खाडीदर्शन’ हे नाव देणारा माणूस खोटं बोललेला नाही, त्याने फक्त कुठून बघायचं ते सांगितलं नव्हतं.

राणीसाहेब वाचल्या. नीलाकाकूंनी माती बदलली, आठवडाभर साध्या पाण्याने मुळं धुतली, आणि आता एक नवा लालसर कोंब फुटलाय. त्या रोज साडेनऊला नाकाला रुमाल लावून वर येतात, लांबूनच विचारतात, “जाईबाई, हिला आज खारं घातलंत ना? आणि पाणी जास्त घालू नका हं!” मग जाईबाई सांगते, “बाई, तुम्ही तुमच्या राणीला बगा, माजी खारी मी बगते.” मांजरांपैकी दहा गेली. एक जाळीशेजारी बसून असतं. त्याने अजून आशा सोडलेली नाही.

मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गॅलरीत, वर्गात, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी कोमेजलेलं दिसलं, तर लगेच तांब्या घेऊन धावू नका. आधी जवळ बसा, गुडघ्यावर बसलात तर उत्तम, आणि विचारा की बाई गं, तू कुठली? तिकडे कसलं पाणी प्यायचीस? झाड बोलत नसेल तर त्याच्या गावच्या माणसाला विचारा. मग काय ओतायचं ते ओता.

अजून खूप सांगायचं होतं, पण ऊन उतरलंय. माझी पहिली पाकळी आत वळली, आणि तिकडे जाईबाई टोपली घेऊन उठलीसुद्धा.